नेलपेंटचा दुसरा ठिपका

प्रिय चिमणे,

बाळाचा फोटो पोचला. नाक आपल्या घरचं आहे, कान कुठून आणलेत देव जाणे. मी पणजी झाले हे सगळ्या गल्लीला सांगून झालं, जिना झाडणारीला तर दोनदा सांगितलं. तुझ्या ताईला म्हणावं, बाळ झोपलं की तूही झोप, भांडी पळून जात नाहीत. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. तरी लिहितेय, कारण फोनवर तू हसून विषय बदलतेस.

ताईच्या मदतीला जाताना तू म्हणालीस की, दोरवाल्याने लग्नाचं विचारलंय, मागच्या खोलीतलं झाडावर चढायचं सामान तपासायला तो येईल तेव्हा जरा लक्ष ठेव आणि माणूस कसा आहे ते कळव. मला काय, आयतंच काम मिळालं. तू झाडावर चढून फांद्या कापणार, तो खाली उभा राहून तुझा दोर सांभाळणार, म्हणजे तुझा जीव आत्ताही त्याच्याच हातात.

तर तो आला. मी त्याला बांबू म्हणते. आमच्या दारातून वाकून येतो, आणि सारखं वाकणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसत नाही. चपला ओळीत काढल्या, चहा प्याला, कप स्वतः विसळला. अति तिथे माती. म्हटलं, हा काहीतरी लपवतोय. मग त्याने आजोबांची लोखंड कापायची करवत मागितली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसला. मी शेंगा सोलायचं निमित्त करून खिडकीशी. बघते तर काय, खिशातून दोर कमरेला अडकवायची लाल कडी काढली, तुम्ही तिला कॅराबिनर म्हणता ती, आणि करकरा कापून दोन तुकडे केले. तुकडे कचऱ्यात टाकून हा हात धुऊन मोकळा.

तो गेल्यावर मी बादली उपसली. एका तुकड्यावर माझा ठिपका! तुला ठाऊक आहे, भांडं असो, छत्री असो, घरातल्या वस्तूवर मी नेलपेंटचा ठिपका देते, तुझ्या कड्यांवरही दिलाय. म्हणजे कापली ती तुझी. धावत जाऊन तुझी पिशवी उघडली, तर लाल कडी जागच्या जागी, वर ठिपकासुद्धा. पण माझा ठिपका जांभळट, हा गुलाबी. जन्मभर ब्लाउजला दोरा जुळवलाय मी, रंगात मला कोण फसवणार? म्हटलं, मेल्याने चांगली कापली आणि फालतू ठेवली.

सकाळी उठून तुमच्या त्या सामानाच्या दुकानात गेले. तुकडे रुमालात बांधले होते, पिशवीतली कडीही घेतली. आधी काही बोलले नाही, नातीसाठी एक चांगली दाखवा म्हटलं. मला एक पिवळी छोटी आवडली, तर दुकानवाली म्हणे, ही किल्ल्या अडकवायला, माणूस नाही. माणसाच्या वजनाची असते तिच्या अंगावर किती ताण सोसते तो आकडा कोरलेला असतो. तिचं तोंड आपोआप मिटायला हवं, आणि फांदीला घासून उघडता कामा नये. आधी सरकवा, मग फिरवा, मग दाबा, तेव्हा कुठे उघडणार. तिने मला हातमोजा घालून एका हाताने उघडायला लावलं. पहिली दोन जमेनात, ती बाजूला. पोलादाची मला पसंत होती, पण इस्त्रीसारखी जड. दिवसभर कमरेला घेऊन चढणारी ती, तुम्ही नाही, असं ऐकवलं मला. हलकी घेतली.

मग रुमाल सोडला. पिशवीतली कडी तिने उलटीसुलटी करून पाहिली, म्हणाली, उत्तम आहे, जवळजवळ नवी. तुकड्यावरचा आपटल्याचा ओरखडा मात्र तिने बोटाने दाखवला. उंचावरून दगडावर आपटलेली कडी परत वापरत नाहीत म्हणे. वरून धडधाकट दिसते, आतली चीर दिसत नाही. दुसऱ्या कुणी उचलून वापरू नये म्हणून कापून टाकतात.

म्हणजे बांबूने पाडली, धांदरट कुठला! चहाला बोलावलं आणि दोन्ही ठिपके समोर ठेवले. कान लालबुंद झाले त्याचे, आपल्या बाळासारखे. कबूल झाला की गुलाबी ठिपका त्याचाच, नेलपेंटच्या दुकानात खुळ्यासारखा उभा होता, त्याला सगळे रंग सारखेच दिसले. पण कडी कुणी पाडली ते काही सांगेना. शेवटी म्हटलं, सांगितलं नाहीस तर माझ्या नातीचं नाव विसर. तेव्हा खाली बघून म्हणाला, "तिने स्वतःहून सांगावं म्हणून थांबलोय, आजी. पण तोवर तिला त्या कडीवर कसा चढू देऊ?"

तर चिमणे, पाडलीस तू. तुझी पहिली कडी, टाकवली नाही, पुसून परत कमरेला लावलीस. त्याने खालून पाहिलं होतं. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने स्वतःची तिथे अडकवली, दुसऱ्या दिवशी ठिपका दिला. तेव्हापासून तू त्याच्या कडीला लटकतेयस आणि तुला पत्ता नाही. माणूस कसा आहे विचारलं होतंस ना? माणसाबद्दल मला आता शंका नाही, तुझ्याबद्दल आहे. नवी कडी सोबत पाठवतेय, जांभळट ठिपका देऊन. त्याची त्याला परत दे, आणि देताना काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग. मी तुला लिहिलंय हे त्याला ठाऊक नाही. तो अजून थांबलाय.

तुझीच, डोळे अजून शाबूत असलेली,
आजी