गळ्यातली गाठ आणि देवघरातली घंटा

पेडणे, श्रावण

तीर्थरूप दादा,

धाकट्या सुशीलेचा वाकून नमस्कार. तुझी कंबर, वहिनीचा दमा आणि लेक अंकिताची परीक्षा, तिन्ही ठीक असोत. फोन सोडून पत्र का, तर माझा आवाज गेलाय. (हसू नको. तू हसलास की मला पेडण्यात बसून कळतं.)

मानेला गाठ आली तेव्हा शेजारची गंगावहिनी म्हणाली, मीठ बदल. मी मीठ बदललं, उशी बदलली, शेवटी डॉक्टर बदलला. त्याने सुई टोचून तपासलं आणि सांगितलं, थायरॉइडचा कॅन्सर, त्यातही मेड्युलरी नावाचा, क्वचितच होणारा. तुझ्या मेहुण्यांनी घरी येऊन ते नाव असं काही उच्चारलं, की मला मेडल मिळालं समजून गंगावहिनी पेढे घेऊन आली. मी दोन खाल्ले आणि मग रडले. तीही रडली.

ऑपरेशनात अख्खी ग्रंथी काढली, मानेतल्या बारीक गाठीही काढल्या. (या जातीला आयोडीनचं औषध लागू पडत नाही म्हणे, सगळी भिस्त सुरीवर.) आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, जन्मभर. आवाजाची नस दुखावलीय. बहुतेक सुधारेल, पण कधी ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. तोवर यांना बोलवायला मी देवघरातली घंटा वाजवते. पहिल्यांदा वाजवली तेव्हा हे आरती समजून हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले. मला हवी होती पेज. माझा आवाज बसस्टँडपर्यंत जातो म्हणून आयुष्यभर कुरकुरलेला हा माणूस परवा जवळ बसून म्हणाला, "एकदा माका जोरान उलो मार गो." मी हाक मारायला तोंड उघडलं, नुसता वारा आला. हे उठले आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसले.

दादा, काजूच्या बागेतून मी हाक मारायचे आणि तू टेकडीपलीकडून ओ द्यायचास. तो ओ ऐकावासा वाटतो. तुझं मुरगाव काही परदेशात नाही. पण आई गेल्यापासून तू आलाच नाहीस. तिच्याही मानेला अशीच गाठ होती, आठवतं ना?

तुझी,
सुशी

ता.क. फणसाची साटं तुझ्यासाठी राखून ठेवलीत.

ता.क. दुसरं. हा रोग काही घराण्यांत रक्तातून उतरतो, माझ्या तपासणीत तसंच निघालं. तुझं रक्त तपासायला हवं. तुझ्यात निघालं तर अंकिताचंही. लवकर कळलं तर वेळेवर उपाय होतो. भिऊ नको, मी सोबत येईन आणि वाटेत एक अक्षर बोलणार नाही.

ता.क. शेवटचं. रक्त मुरगावातही देता येतं, हे मी तुला कळवणार नव्हते. आता लिहून गेलं. तरी तू इकडेच ये.