गोदीसाठी आलेले लाकूड

गेल्या मंगळवारी सकाळी डायलिसिसच्या खाटेवर, एका हातात सुया असताना, दुसऱ्या हाताने मी युद्धनौका बांधण्याची गोदी उभी केली आणि घरी येऊन हे मृत्युपत्र लिहायला घेतले. गोदी लॅपटॉपवरच्या खेळातली आहे. बाकी सर्व खरे आहे. मी सुतार, वय एकोणपन्नास, अविवाहित, शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. डोके ठिकाणावर आहे, तसे डॉक्टरांनीही लिहून दिले आहे. कोणी भरीस घातलेले नाही.

१. दोन खोल्यांचे घर, मागची कामाची शेड आणि बँकेतली शिल्लक माझ्या धाकट्या बहिणीला मिळावी. ती हयात नसल्यास तिच्या दोन्ही मुलींना सारखी. दोन वर्षे ती स्वतःचे एक मूत्रपिंड मला देऊ करते आहे. तपासण्या जुळल्या, तिच्या घरचे तयार. नाही म्हणत होतो तो मीच. तिच्या मुली लहान. शिवाय मोठ्या भावाने द्यायचे असते, घ्यायचे नसते, असा माझा हट्ट.

२. लांब रंधा वखारवाल्याला द्यावा. त्याने एकदा ओले लाकूड वाळलेले म्हणून माझ्या गळ्यात मारले, तेव्हापासून नऊ वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. पण पहिल्या डायलिसिसच्या दिवशी मी रस्त्यात बसकण मारली, तेव्हा टेम्पो थांबवून मला दवाखान्यात नेले ते त्यानेच. राग मिटला, त्या लाकडाचे दार मात्र अजून घासते. उरलेली हत्यारे माझ्या शाळेला.

३. लॅपटॉप शेजारच्या खाटेवरच्या बस कंडक्टरला. खेळ त्यानेच शिकवला. त्यात जुने देव आहेत, देवळे आहेत, समुद्रावर लढाया आहेत. देवाची कृपा तिथे आकड्यांत मिळते, हे मला पटत नाही, म्हणून खेळ उघडण्याआधी मी माझ्या देवाची क्षमा मागतो. पहिली गोदी मी चुकून तळ्याकाठी बांधली. नऊ युद्धनौका तयार झाल्या आणि समुद्राकडे जायला वाटच नाही.

"मिस्त्री, लढाईला काढल्यात की पोरांना फिरवायला?" कंडक्टर इतका हसला की नर्स धावत आली. त्या खोलीतले चार तास सरत नसत. त्याच्यामुळे मी त्यांची वाट बघू लागलो. हे उपकार लॅपटॉपने फिटणारे नाहीत. साक्षीदार व्हायलाही तो तयार होता, पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीची सही करायची नसते, असे वकीलबाई म्हणाल्या.

आमची बाजू एकच, म्हणून खेळात तो त्याच्या जुन्या लॅपटॉपवरून मला लाकूड पाठवी. ते स्वीकारेपर्यंत अधांतरी राहते. मी कधीच स्वीकारत नसे. माझे जंगल संपे, गोदी अर्धी राही, शत्रू समुद्रातून येई आणि आम्ही दोघेही हरू. मंगळवारीही तेच चालले होते. तेवढ्यात बहीण माझा डबा घेऊन आली.

"ताई, तुमच्या भावाला सांगा काहीतरी," कंडक्टर म्हणाला. "दहा मिनिटं झाली, लाकूड दारात पडलंय. हे घेत नाहीत आणि मलाही परत मिळत नाही."

बहीण पडद्याकडे बघत राहिली. "इथंही नकोच का रे दादा?"

मी म्हणालो, "खेळ आहे गं."

"माझा हात दोन वर्षं असाच पुढे आहे. आता दुखायला लागलाय."

मी लाकूड घेतले. गोदी उभी राहिली. कंडक्टरने शिट्टी मारली. बहीण डबा उघडत होती. तिचे डोळे भरले होते.

४. ऑपरेशन फसले तर बहिणीने स्वतःला बोल लावू नये. हा मोठ्या भावाचा हुकूम समजावा. देवाने मला पुष्कळ दिले. मागायच्या आधी दिले, हे मला उशिरा दिसले. काल सकाळी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो आणि तिचे मूत्रपिंड स्वीकारत असल्याच्या कागदावर सही केली.

सही: सुतार (स्वहस्ते)
आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
१. शेजारचे शिंपी
२. डायलिसिस विभागातील नर्स
स्थळ: माझी कामाची शेड
दिनांक: बारा तारीख, शनिवार