नदीपलीकडचा नवा कोड

३ मार्च, सोमवार
आजपासून नदीपलीकडच्या सगळ्या फोनांचा कोड बदलला. आमचं घरही पलीकडेच. महिनाभर जुना चालेल, मग बंद. टेलिफोन ऑफिसात चौकशीच्या टेबलावर मी. सकाळपासून एकच वाक्य — "एकवीसऐवजी सत्तावीस लावा." दोनशे वेळा तरी! एक आजोबा म्हणाले, "म्हणजे माझं घर हललं की काय?" शेजारच्या टेबलावरची खो खो हसली. मला हसू आलं नाही.

६ मार्च
यजमान घर सोडून गेले त्याला अकरा महिने झाले. भांडण नाही, चिठ्ठी नाही. "जरा जाऊन येतो" — बस्स! कुठे आहेत, ठाऊक नाही. त्यांना जुनाच कोड माहीत.
हे लिहितानाही काही वाटत नाही. दात काढण्याआधी सुई देतात ना, तशी बधिर.

११ मार्च
सासूबाईंना सांगितलं, "आई, महिनाअखेरीनंतर यांनी फोन केला तरी लागायचा नाही."
वाटाणे सोलत होत्या. मान वर नाही. "बदलला तर बदलला. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"
पोटचा मुलगा! आशाच सोडली असावी बिचारीनं. भांडी आज मीच घासली.

१९ मार्च
इंजिनिअरसाहेबांना विचारलं — आमच्या एका नंबरापुरता जुना कोड चालू ठेवता येईल का?
"बाई, तुम्ही इथल्या असून असं विचारता!" मग हळूच, "कोणाची वाट बघताय?"
"कोणाची नाही."

३१ मार्च
पाच वाजता जुना कोड बंद. साहेब म्हणाले, "झालं." मी डबा धुतला, घरी आले.

८ एप्रिल
घसा पार बसला. महिनाभर तेच वाक्य! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन दिवस तोंड बंद. रजा टाकली.

९ एप्रिल, बुधवार
दुपारी फोन वाजला. सासूबाई न्हाणीघरात. मी उचलला, पण आवाजच फुटेना.
"आई, उद्या गुरुवारी जमायचं नाही, म्हणून आजच केला. ती ऑफिसातच आहे ना?"
त्याचाच आवाज. नव्या कोडवर.
"आई?... आई?" मग त्यानं ठेवून दिला.
सासूबाई केस पुसत बाहेर आल्या. "कोणाचा गं?"
"तुमचा," बसल्या घशानं कसंबसं म्हटलं.