दादाच्या सायकलचा चिमटा

३ मार्च, रविवार

उतरवली एकदाची! दादाची सायकल. अठ्ठावीस वर्षं माळ्यावर पोत्यात बांधून पडली होती. आई खाली शिडी धरून उभी – "कशाला ते खाली आणतेस?" मी ऐकते होय!

एकवीस तारखेला दादा पन्नास पूर्ण करतोय. त्याला द्यायची, नवी करून. हिच्यावरून पडला तेव्हापासून त्याचा गुडघा वाकत नाही, चालवणार नाहीच तो. पण खोलीत उभी राहील. फक्त वहिनीला सांगितलंय. म्हणाली, "ह्यांना रडवाल तुम्ही, वन्सं."

या जुन्या पोलादी सायकलींच्या नादाने माझ्यामागे आणखी किती नाद लागले! सीटसाठी चामडं शिवायला शिकले. फ्रेमवरच्या सोनेरी रेघांसाठी श्वास रोखून ब्रश धरायला शिकले. फोटोंसाठी रोलचा कॅमेरा घेतला, तर न्हाणीघराची अंधारखोली झाली – आई टॉवेल घेऊन दार बडवत असते. आणि झाळकाम, म्हणजे पितळ वितळवून पोलाद सांधायचं. ते काकाने शिकवलं. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या करायच्या, घरी येऊन सायकलींची हाडं सांधायची.

हिचा पुढचं चाक धरणारा चिमटा एका बाजूने वरच तुटलाय. दादाच्या त्या पडण्यात तुटला असणार. बाकी फ्रेम ठणठणीत.

५ मार्च, मंगळवार

सीटचं चामडं तेल पिऊन मऊ झालं. घंटी वाजते! आई स्वयंपाकघरातून दचकून बाहेर आली.

९ मार्च, शनिवार

आज चिमट्याचा रंग काढला.

तुटलेल्या कडेवर पितळ आहे.

म्हणजे चिमटा पडताना तुटलेला नाही. आधीच तडा होता. कोणीतरी झाळला होता. आणि झाळ नीट लागलेली नाही – वरवर पितळ, आत सगळा काळा गंज. पितळ आत शिरलंच नाही. ही असली झाळ कवळीत केली तर पहिल्या घासाला सुटेल. आणि इथे तर वर बावीस वर्षांचा तरणाबांड दादा बसला होता, समोर बाजाराचा उतार!

पुन्हा पुन्हा पाहिलं. भिंग लावून. कॅमेऱ्याला जवळून टिपणारी काच लावून सहा फोटो काढले. लगेच धुतले. फोटोतही तेच.

दादाला त्या दिवसाचं काही आठवत नाही. डोक्यालाही मार होता. बाबांनी ठरवून टाकलं – हात सोडून चालवत होता. दादा लंगडत खोलीत आला की बाबा म्हणायचे, "हात सोडायची हौस ना? भोगा!" जाईपर्यंत म्हणत होते. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. पडला त्याच्या पुढच्याच महिन्यात दादा बोटीवर कामाला लागणार होता. बॅग भरून झाली होती. त्या जागी आज वाचनालयात बसून पुस्तकांवर शिक्के मारतो. आणि एकदाही उलट बोलला नाही. कसा बोलेल? त्यालाही वाटतं, हात सोडलेच असतील.

१० मार्च, रविवार

झोप नाही. सायकलवर चादर टाकून ठेवली.

एक गोष्ट काल लिहिली नाही. लिहायचा धीर नव्हता. ती झाळ कोणाची आहे ते मला कळलंय. शेवटाला ज्योत काढताना पितळाचा एक लहान थेंब डावीकडे ओढलाय. डावखुऱ्याचा हात. आमच्या घरात डावखुरा आणि झाळणारा एकच माणूस.

नसेल. दुसरा कोणी असेल.

११ मार्च, सोमवार

लॅबमध्ये कवळीचा साचा हातातून पडला. बॉस म्हणाले, "बरं नाही का?" बरं आहे म्हटलं.

१४ मार्च, गुरुवार

संध्याकाळी काकाकडे गेले. तो गॅलरीत बसून रेडिओ उघडत होता. फोटो पुढे ठेवला. वाटलं होतं चष्मा शोधेल, कुठला फोटो विचारेल. चष्मा लावलाच नाही. एक नजर टाकली आणि पालथा घातला.

"कधी उतरवलीस?"

एवढंच! मनातून अजून वाटत होतं, तो 'छे गं' म्हणेल.

मग बोलला. थांबत थांबत. तडा दिसला होता. दादा घरी नव्हता. काकाला कामावर जायची घाई. "गंज घासायला हवा होता. नाही घासला. म्हटलं दोन दिवस निघतील, मग नवा चिमटा घालू."

"दादाला सांगितलंस?"

मान हलवली. नाही.

"आणि नंतर? बाबा त्याला एवढं बोलायचे तेव्हा?"

"तोंड उघडलं नाही." मग म्हणाला, "हे फक्त मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाला नाही. लक्षात ठेव."

मला झाळायला शिकवताना हाच माणूस माझं काम चार चारदा परत द्यायचा! आधी घास, मग पेटव. पुन्हा घास. मी चिडायचे – किती तो किचकटपणा! मला वाटायचं, म्हातारा कामाचा शौकीन आहे.

ओरडायचं होतं मला. ओरडले नाही. त्याचे हात बघितले आणि जिना उतरले. मागून म्हणाला, "तू नको सांगूस. मी सांगतो त्याला."

१७ मार्च, रविवार

सांगितलं त्याने.

दादाच्या घरी, सकाळी. वहिनी, मी, काका. काका बसायलाही तयार नव्हता. दारातच उभा राहून सगळं सांगून टाकलं, पाठ केल्यासारखं. मी चिमटा पिशवीत नेला होता. तो दादाच्या मांडीवर ठेवला.

दादा बराच वेळ पितळावरून अंगठा फिरवत राहिला. मला वाटलं आता हा फेकून मारतो.

"म्हणजे मी हात सोडले नव्हते?"

काका म्हणाला, "ते मला माहीत नाही. पण घट्ट धरले असतेस तरी पडलाच असतास."

दादा हसला! खरंच हसला, आणि हसता हसता तोंड वेडंवाकडं झालं. "काका, अठ्ठावीस वर्षं मी रोज त्या उतारावर हात सोडतोय रे. रोज. डोळा लागायच्या आधी."

वहिनी उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ.

काकाने हात जोडले. दादाने ते धरून खाली केले. माफ केलं असं काही म्हणाला नाही. "आज जा तू," एवढंच म्हणाला. "मी बोलावीन." काका गेला. जिन्यात कठड्याला धरून उभा होता, मी वरून पाहिलं. खाली गेले नाही.

निघताना दादा मला म्हणाला, "बाबा असते तर बरं झालं असतं. त्यांना दाखवला असता." मी हो म्हटलं.

१८ मार्च, सोमवार

आईला आज सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "रंग ह्यांनीच मारला होता वरून. झाळ दिसू नये म्हणून. मी डबा धरून उभी होते."