मेजुमाच्या पेजेतलं लोह

मेजुमाच्या बाबा,

मी लेकीला घेऊन क्वालेच्या दवाखान्यात जातेय. तिला काहीही झालेलं नाही, आणि तेच नडलंय. सकाळी पेजेची पूड देणाऱ्या डॉक्टरीणबाई बाळांच्या शीच्या तपासणीचा निकाल सांगून गेल्या. लोहाची पूड घातलेली पेज खाऊन गावातल्या बाकी बाळांच्या पोटात वाईट जंतू माजले, चांगले मागे पडले. आपल्या मेजुमाच्या पोटात मात्र काडीचा फरक नाही. "पोर आहे की चमत्कार?" म्हणाल्या.

मला तुमचं पोट आठवलं. महिनाभर गुरगुरतंय आणि तुम्ही नाक्यावरच्या बिचाऱ्या बियाशाच्या तळलेल्या माशांना नावं ठेवताय! पेज भरवायची हौसही तुम्हालाच.

होडी मोडून कमाई थांबल्यापासून "बाहेर खाऊन आलो" म्हणत ताट सरकवता. मीही खुळी, खरं मानत राहिले.

बाईंना सगळं सांगितलंय. आजपासून पेज तिथेच, त्यांच्यासमोर भरवायची. तुमच्यावर रागावल्या नाहीत, उलट फार खूश झाल्या.

मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि भाजी झाकून ठेवलीय. सगळी तुमचीच, संपवा. शेजारची प्लास्टिकची डबीही तुमचीच. तिच्यावर बाईंनी तुमचं नाव घातलंय. संध्याकाळी न्यायला येतील, भरून ठेवा.

झाकण घट्ट लावा.

मेजुमाची आई