कुंकवाखालची पाच अक्षरं

बाबा, तुमचं कॉम्प्युटर परवा पुन्हा सुरू झालं. तुम्ही नोकरी करायचात त्या कापसाच्या जिनिंगच्या मालकांनी भंगारात देण्याआधी मला विचारलं, म्हणून ते आता वणीच्या घरात, तुमच्या खाटेच्या जागी आहे. हार्ड डिस्क मेली होती. दुसरी मिळवली, ते ज्यावर चालायचं त्या युनिक्सच्या फ्लॉप्याही तुमच्या कपाटात धड सापडल्या. पण इन्स्टॉल करताना ते लायसनची ‘की’, म्हणजे कागदावर छापलेला अक्षरांचा कोड, मागतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

लायसनचा कागद होता. पण ओलं कुंकू मशीनला लागू नये म्हणून तुम्ही दर दसऱ्याला मशीनऐवजी त्या कागदाची पूजा करायचात. इतक्या दसऱ्यांचं कुंकू एकाच जागी बसून कीची पाच अक्षरं त्याखाली गेली. एका दसऱ्याला मीही बोट पुढे केलं होतं. तुम्ही म्हणालात, "तू नको लावू हात, फाटून जाईन." आणि वाटी तिच्यापुढे धरलीत, राळेगावहून एसटीनं येणाऱ्या तुमच्या ऑपरेटरपुढे.

खरं सांगते, मी तिच्यावर जळायची. कापसाची ती वाईट वर्षं. गाड्या येईनात, अर्धा हंगाम जिनिंग बंद. मैत्रिणींचे वडील घरी बसून असायचे. तुम्ही मात्र रोज ऑफिसात जाऊन तिला युनिक्स शिकवायचात आणि घरी येऊन गप्प जेवायचात. मलाही शिकवा म्हटलं, तर म्हणालात, तुझी बारावी आहे. पुढे मी हेच शिकले, पोटही यावरच भरते. पण तुमच्याकडून एक कमांड शिकले नाही.

महिनाभर अंदाजानं अक्षरं भरून पाहिली. मग नाक मुठीत धरून तिला फोन केला. ती आता नेरला असते. तिनं अख्खी की एका दमात म्हणून दाखवली.

"सर दरसाली कुंकू लावाच्या आधी माह्याकडून मोठ्यानं वाचून घेत ना ताई. म्हणत, कागद खराब होईन, तू ध्यानात ठेव."

म्हणजे अक्षरं जाणार हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही बॅकअप ठेवला होतात, आणि तो तिच्याकडे ठेवलात.

की चालली. जुन्या फ्लॉपीवरून तुमचा कापसाच्या वजनाचा प्रोग्रामही चढवला. पहिल्या ओळीत तुमचं नाव, खाली तिचं. शेवटचा भाग तुम्ही दोघांनी लिहिला होता आणि तुम्ही गेल्यावर तिला तो कधी बघायला मिळाला नाही. सुरू झालं तर कळवा, एकदा येऊन बघीन, असं तिनं सांगून ठेवलं होतं.

काल तिचाच फोन आला. स्क्रीन माझ्यासमोर सुरू होती. तरी मी तिला म्हटलं, "तुम्ही सांगितलेली की चुकीची निघाली."

ती म्हणाली, "मीच विसरली असन, ताई. सरांनी एकच गोष्ट ठेवाले देली होती मले."

ती रडत होती, बाबा, आणि मला बरं वाटलं. थोडाच वेळ वाटलं, पण वाटलं.