घंगाळाची साक्ष

मोरेश्वर निवास, मुलुंड
संक्रांतीचा दुसरा दिवस, जानेवारी १९५२

रा. रा. अण्णा यांसी,

जयवंताचा साष्टांग नमस्कार. (हा अक्षरशः साष्टांग समजावा. निवडणुकीच्या धावपळीत जिने चढून-उतरून कंबर अशी धरली आहे की पाठ टेकायची म्हटलं तरी आठही अंगांना विचारावं लागतं.) तुमचा दमा कसा आहे? वहिनींच्या गुडघ्याला तेलाने उतार पडला का? तिळगुळाचा डबा पोचला. दापोलीहून निघताना त्यात चाळीस लाडू होते असं वहिनींनी चिठ्ठीत लिहिलं आहे; इथे पोचेपर्यंत त्यांचा मिळून एकच झाला होता. तो आम्ही बत्त्याने फोडून साऱ्या बिऱ्हाडांत वाटला. चव उत्तम. दत्ताराम राण्यांची एक दाढ मात्र हलते आहे.

आता मुख्य मजकूर. अण्णा, आम्ही जिंकलो. निवडणुकीत कोण उमेदवार निवडून आला ते विचारू नका, ते मोजणारे मोजतील. जिंकलं ते आमचं मोरेश्वर निवास. मतदार त्रेचाळीस, मतदान त्रेचाळीस. दत्तारामने जिन्याखाली फळ्यावर ऑइलपेंटने तसं रंगवलंसुद्धा आहे, आणि वर गणपतीही काढला आहे. पलीकडच्या तीन मजली इमारतीत एकशे दहा मतदार असून एकावन्नच गेले, म्हणून तिथले लोक हल्ली आमच्या जिन्यावरून मान खाली घालून जातात. मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की, जयवंता, कोट्यवधी लोकांत तुझ्या एका मताला पुसतो कोण, उगाच वणवण करू नकोस. त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा घरात परिस्थिती नाजूक होती. आता सविस्तर देतो.

माझे वडील एकतीस वर्षं एका पेढीत कारकुनी करून गेले. अक्षर मोत्यासारखं, इंग्रजी निर्दोष, पण नावावर जमीन नाही नि घर नाही, म्हणून सरकारच्या लेखी त्यांना मत नव्हतं. त्यांच्या मालकाला होतं, आणि तो गृहस्थ सही करतानासुद्धा वडिलांना विचारून करायचा. म्हणून यंदा एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना मत मिळणार असं वाचलं तेव्हाच मी ठरवलं की या इमारतीतला एकही माणूस घरी बसता कामा नये. गच्चीवर वर्ग सुरू केला. रॉकेलचे चार डबे मांडले आणि त्यांवर खडूने पोळपाट, किसणी, अडकित्ता आणि बंब अशी चिन्हं काढली (खऱ्या उमेदवारांची काढली असती तर भांडणं झाली असती, किसणीवरूनही थोडी झालीच). हातात कागद घ्यायचा, हव्या त्या चिन्हाच्या पेटीत टाकायचा, मुकाट्याने बाहेर यायचं. पेटीला नमस्कार करायचा नाही, कागद पेटीच्या डोक्यावर ठेवून यायचं नाही आणि खिशात घालून घरी आणायचा नाही. हे शेवटचं मी रोज तीनदा सांगत असे, कारण दत्तारामला हाती येईल तो कागद खिशात घालायची खोड आहे.

पण वर्ग सुरू होण्याच्या आधी याद्यांचं प्रकरण झालं, आणि ते तुमच्यापासून मी आजवर लपवलं. मतदारांची कच्ची यादी शाळेच्या व्हरांड्यात लागली तेव्हा मी कचेरीत होतो. पहिल्यांदा ती वाचली दत्तारामने. (हे आमच्या शेजारच्या खोलीत राहतात; मालवणकडचे, आधी गिरणीत होते, आता भांडुपच्या एका कारखान्यात आहेत. मनाने सोनं, पण आवाज गिरणीतला.) संध्याकाळी मी जिना चढतो आहे तोच त्यांनी मला कठड्याशी गाठलं आणि त्यांच्या मते कुजबुजत, म्हणजे तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल असं, विचारलं, "जयवंतराव, रागावू नकात, पण ही मालन खंयची?"

मी धावत शाळेत गेलो. माझ्या नावाखाली स्वच्छ लिहिलं होतं : मालन जयवंत कर्णिक, स्त्री, वय बत्तीस. तुमच्या बहिणीचा, वसुधाचा, कुठे पत्ता नाही. अण्णा, सोळा वर्षं मी या इमारतीत राहतो आहे. गणेशोत्सवाचा चिटणीस आहे. आणि परत येताना सगळ्या दारांतून बायका माझ्याकडे अशा पाहत होत्या की जणू मी कुठे तरी मालन नावाचं दुसरं बिऱ्हाड थाटलं आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरात कोणाला काही न सांगता मी तिथल्या तिथे हरकतीचा अर्ज लिहिला. तीन प्रती केल्या, साक्षीदार म्हणून दत्तारामची सही घेतली. मजकूर तुम्हाला आवडला असता, तुम्ही जन्मभर कोर्टात शिरस्तेदारी केलीत : "सदर नावाची कोणतीही स्त्री माझ्या घरी राहत नाही, पूर्वी कधीही राहिलेली नाही व पुढेही राहण्याचा संभव नाही." वसुधाचं नाव घालण्याचा अर्ज सावकाश दुसऱ्या दिवशी करू म्हटलं. दुसऱ्या दिवशी कळलं की मुदत आदल्या संध्याकाळीच संपली.

तुम्ही आता हसत असाल. मला मात्र आठ दिवस उमगलंच नाही की मालन हे तिचंच माहेरचं नाव. तुम्ही सगळे तिला 'बाय' म्हणता. लग्नात मी तांदळाच्या ताटात अंगठीने 'वसुधा' असं लिहिलं (तेव्हा मी कविता करत असे, तुम्हाला आठवत असेल, आठवत नसेल तर उत्तम), आणि त्याच्या आधी तिला काय म्हणत होते हे विचारावंसंच कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर वसुधा असंही मी तिला फारसं म्हटलेलं नाही. 'अगं' म्हटलं की भागतं. इमारतीत ती नंदूची आई आहे, धाकट्यांची वहिनी आहे, पोस्टमनची अकरा नंबरवाल्या बाई आहे.

मग एक दिवस कचेरीतून आलो तर चहा नाही. माझ्या पाटावर सरकारी नोटीस ठेवलेली, सोबत माझ्या हरकतीची नक्कल. वर नाव : मालन जयवंत कर्णिक. आपण येथे राहता याबद्दल पुरावा घेऊन अमुक तारखेस शाळेत हजर राहावे, अन्यथा नाव कमी करण्यात येईल. पोस्टमनने विचारलं, मालन कोण, तर तुमच्या बहिणीने "मीच" म्हणून सही करून घेतली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "मी इथे कधीही राहिलेली नाही, असं लिहिलंत? आणि पुढेही संभव नाही?" मी म्हटलं, अगं, पण यादी करायला आलेल्या माणसाला तू वसुधा का नाही सांगितलंस? यावर ती आत गेली, आणि त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढून हरकत मागे घ्यायला गेलो. कारकून म्हणाला, नोंदली गेलेली हरकत मागे घेता येत नाही, आता बाईंनी आपण असल्याचं सिद्ध करावं. म्हणजे साऱ्या मुलुंडला मताचं महत्त्व पटवत हिंडणाऱ्या माणसाने आपल्या हाताने आपल्या बायकोचं मत घालवलं. मला रडू यायचं बाकी होतं. पुरावा कुठून आणणार? शाळेचा दाखला नाही, पत्रांवर तुम्ही 'चि. बाय' लिहिता. तुम्हाला तार करावी असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, अण्णाची साक्ष घरातच आहे, तुम्ही फक्त कडी धरा.

अण्णा, ती कडी तुम्ही लग्नात दिलेल्या पितळी घंगाळाची होती. सोळा वर्षं रोज सकाळी त्यातल्या पाण्याने मी आंघोळ केली. त्याच्या काठावर काय कोरलं आहे ते वाचायची बुद्धी झाली नाही. (आंघोळीच्या वेळी चष्मा नसतो, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवावं.) एक कडी तिच्या हातात, एक माझ्या हातात, असे आम्ही स्टेशनरस्त्याने भर दुपारी शाळेत गेलो. हरकत घेणाराच पुरावा वाहून नेतो आहे असा खटला तुमच्या कोर्टात उभा राहिला होता काय?

आतले साहेब तरुण आणि सभ्य होते. त्यांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला, 'पुढेही राहण्याचा संभव नाही' इथे थांबून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "या बाई कोण?" मी म्हटलं, माझी पत्नी. "राहतात?" राहतात. "कधीपासून?" सोळा वर्षं. त्यांनी टाक खाली ठेवला. मग तुमच्या बहिणीने घंगाळ टेबलावर चढवलं. कोरलेली ओळ काठाभोवती गोल गेलेली, त्यामुळे साहेबांना उठून टेबलाला पुरी प्रदक्षिणा घालत वाचावं लागलं : चि. सौ. कां. मालन हिस लग्नाप्रीत्यर्थ अण्णाकडून, शके १८५७. शेवटी पहिल्या जागी येऊन ते म्हणाले, असा पक्का दस्तऐवज माझ्यापुढे अजून आलेला नाही, नाव कायम. आणि मला म्हणाले की मतदारांनी घरची भांडी अधूनमधून वाचावीत.

हे सगळं आमच्या मागोमाग आलेल्या अख्ख्या इमारतीने शाळेच्या खिडकीतून पाहिलं. त्या संध्याकाळी बायकांची आमच्या घरात सभा भरली. सहा जणी यादीत माहेरच्या नावाने होत्या, तिघी सासरच्या, आणि राणे वहिनींचं नुसतं 'दत्तारामची बायको' असं लिहिलं होतं. तुमच्या बहिणीने हुकूम सोडला की जिला शंका असेल तिने आपापलं भांडं काढावं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात तांबे, समया, परात आणि एक भलामोठा हंडा यांची अशी रांग लागली की तांबट आळीच उठून आली असं वाटावं. साहेबांनी संध्याकाळपर्यंत भांडी वाचली. राणे वहिनींचं नाव जानकी आहे हे दत्तारामला ठाऊक होतं, पण मोठ्याने वाचलं गेलं तेव्हा माणूस लाजला.

मतदानाच्या दिवशी मला कोणाला बोलवायला जावं लागलं नाही. उजाडताच बायका नटून जिन्यात उभ्या. नाटकी आजारपण काढून झोपलेल्या तिघा पुरुषांना त्यांच्या बायकांनीच उठवलं. एकाला 'एका मताने काय होतं' म्हणायची फार हौस, त्याला तुमची बहीण म्हणाली, "काही होत नसेल तर माझं वाचवायला मी एवढं जड घंगाळ कशाला वाहिलं असतं?" तो गृहस्थ चपला घालून निघाला. तुमच्या पत्राचं उत्तर मी शोधत होतो, अण्णा, ते हेच आहे; मला यापेक्षा चांगलं सुचत नाही.

केंद्रावर पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी, मध्ये तट्ट्याची भिंत. एक मत मुंबईचं, एक दिल्लीचं, असे दोन कागद. मी पेट्यांपाशी होतो तोच पलीकडून अधिकाऱ्याने पुकारलं, "मालन जयवंत कर्णिक?" आणि तिने उत्तर दिलं, "हजर आहे." एवढ्या खणखणीत आवाजात ती माझ्याशी भांडतानाही बोललेली नाही. बाहेर आलो तर ती उन्हात उभी राहून बोटावरची शाई न्याहाळत होती. मी विचारलं, कोणाला दिलंस? म्हणाली, गुप्त असतं, तुम्हीच शिकवलंत. तेव्हा मला एकदम माझ्या वडिलांची आठवण झाली, आणि शाळेच्या फाटकात मी रुमाल काढून चक्क डोळे पुसले. दत्तारामला वाटलं, शाई डोळ्यात गेली.

असा हा विजय आहे. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. तुमच्याकडे मतदान व्हायचं असेल तर दमा, थंडी काही सांगू नका, वहिनींनाही घेऊन जा. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार.

आपला,
जयवंत

ता. क. कायद्याचा एक बारीकसा मुद्दा विचारायचा होता. समजा, एखाद्या सुशिक्षित गृहस्थाने मुंबईचा कागद पेटीत नीट टाकला, आणि दिल्लीचा टाकणार तोच पलीकडे कोणाचं तरी नाव पुकारल्यामुळे भारावून जाऊन तो कागद कोटाच्या खिशात घालून तो बाहेर आला. तर हा गुन्हा होतो काय? शिक्षा साधी असते की सक्तमजुरी? गृहस्थ माझ्या ओळखीचा आहे, नाव सांगता येत नाही. कागद परत नेऊन द्यावा, जाळावा की गिळावा, तेवढं उलट टपाली कळवावं.

ता. ता. क. उत्तर माझ्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवावं. तुमच्या बहिणीला यातलं अक्षर कळता कामा नये. जिन्याखालची पाटी अजून ओली आहे.

अण्णा, हे पाकीट यांनी चिकटवून टपालपेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं, ते मी वाफेवर उघडलं आहे. कोट उन्हात घालताना कागद सापडला, त्याला आज आठ दिवस झाले; तो मी डाळीच्या डब्यात ठेवला आहे, आणि हे रोज खिसे चाचपून पांढरे पडतात. सक्तमजुरी लिही, पण थोडीच लिही. त्या दिवशी यादीवाल्याने दारात येऊन माझं नाव विचारलं. सोळा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून आईने ठेवलेलं सांगितलं. काल यांनी मला पहिल्यांदा त्या नावाने हाक मारली, पाणी तापलं का ते विचारायला. पाटी मी पुसू देणार नाही. पुढच्या खेपेला भिंतीच्या पलीकडून ओरडून विचारीन, दोन्ही टाकलेत का म्हणून.

तुझी बाय,
मालन